सारख्याच दोन कार्डांपैकी एक निवडताना: रिची स्ट्रीटवर शिकलेल्या दहा गोष्टी

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली, तशी चेन्नईत रिची स्ट्रीट. अण्णा सालै, म्हणजे जुन्या माउंट रोडवरून चिंताद्रिपेटच्या अंगाला आत शिरलं की ही गल्ली आणि लगतच्या नरसिंगपुरमच्या बोळी लागतात. दोन्ही बाजूंना नुसती इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं. नोकरीनिमित्त चेन्नईत स्थायिक झाल्यापासून ऑफिसातल्या, सोसायटीतल्या आणि नात्यातल्या पोरांच्या गेमिंग कॉम्प्युटरची खरेदी माझ्याकडे येत गेली. प्रोसेसर, रॅम, एसएसडी यांवर फारसा वाद होत नाही. घोडं अडतं ते ग्राफिक्स कार्डापाशी, आणि तेही जवळजवळ सारख्या दोन कार्डांपाशी.

२०२५ मध्ये ही जोडी होती एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० टीआय आणि एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी. पहिलं एप्रिलमध्ये आलं, दुसरं जूनमध्ये. दोन्हींची मेमरी बस १२८ बिटची, दोन्ही ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन रूपांत मिळणारी, दोन्हींचं गिऱ्हाईक एकच. माझा भाचा सांगलीहून इंजिनिअरिंगला इकडे आला आणि वेळचेरीला आमच्याकडेच राहिला. त्याने या दोघांचे आकडे वहीत शेजारी शेजारी मांडले आणि विचारलं, "मामा, दोन्ही सारखीच आहेत ना? मग कुठलंही घेतलं तर काय बिघडलं?" त्याच सुमारास आमच्या सोसायटीतल्या एका तमिळ कुटुंबातली, ॲनिमेशन शिकणारी मुलगी हाच प्रश्न घेऊन आली. दोघांना मी वेगवेगळी कार्डं घ्यायला सांगितली आणि दोन्ही सल्ले योग्य होते, असं आजही ठामपणे सांगतो. कसे, ते पुढे क्रमाने.

१. पाच टक्क्यांना पाच टक्क्यांइतकीच किंमत द्या

१६ जीबीची दोन्ही कार्डं समोरासमोर ठेवली तर साध्या खेळांत ५०६० टीआय सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास पुढे राहतं. रे ट्रेसिंग चालू केलं की अंतर आणखी वाढतं. पाच टक्के म्हणजे एका कार्डावर ६० फ्रेम दिसत असतील तर दुसऱ्यावर ६३. खेळताना हा फरक डोळ्यांना कळत नाही.

आता किंमत बघा. १६ जीबीचं ५०६० टीआय ४२९ डॉलरला जाहीर झालं आणि ९०६० एक्सटी ३४९ डॉलरला. फरक ८० डॉलरचा. तेव्हाच्या डॉलरच्या भावाने आणि १८ टक्के जीएसटी धरून तो आपल्याकडे आठ हजार रुपयांच्या घरात जात होता. आठ हजारांत चांगला यूपीएस येतो किंवा मॉनिटर एक पायरी वरचा घेता येतो. मुलांना मी नेहमी विचारतो, या तीन फ्रेम तुला हव्यात की त्या पैशांतली दुसरी वस्तू? उत्तर ज्याचं त्याने द्यावं, पण हिशेब मांडूनच द्यावं.

भाव मात्र त्या दिवसाचाच धरा. २०२५ संपता संपता एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढली, मेमरी चिपांचे भाव भडकले आणि जास्त मेमरीची कार्डं महागली. जुन्या कोटेशनवर घेतलेला निर्णय महिन्याभरात उलटा पडू शकतो.

२. चिपच्या आधी मेमरी बघा

दोन कंपन्यांच्या भांडणात पोरं खरा फरक विसरतात. तो फरक एकाच कंपनीच्या दोन डब्यांमध्ये असतो. ५०६० टीआय ८ जीबी आणि ५०६० टीआय १६ जीबी, चिप तीच. ९०६० एक्सटीचंही तसंच. दोन्ही घरांत ८ आणि १६ जीबीमधलं अंतर ५० डॉलरचं होतं, म्हणजे करासकट साधारण पाच हजार रुपये.

खेळातली टेक्श्चर्स, सावल्या, रे ट्रेसिंगचा पसारा हे सगळं कार्डाच्या मेमरीत मावावं लागतं. मावलं नाही की कार्ड कॉम्प्युटरच्या साध्या रॅमकडे हात पसरतं, आणि ती रॅम कितीतरी पट हळू असते. मग सरासरी फ्रेमरेट बरा दिसतो, पण वळणावर चित्र अडखळतं, भिंतीवरचं टेक्श्चर काही क्षण चिखलासारखं दिसतं आणि मग जागेवर येतं. मार्च २०२३ मध्ये 'द लास्ट ऑफ अस पार्ट १' पीसीवर आला तेव्हा ८ जीबीच्या कार्डांची अशीच दमछाक झाली. डिसेंबर २०२४ च्या 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल'ने तर ८ जीबी ही किमान अट करून टाकली. ज्या वस्तूकडून चार-पाच वर्षं काम घ्यायचं आहे, ती पहिल्याच दिवशी किमान अटीवर उभी नसावी.

३. नावाखालचा बारीक मजकूर वाचा

एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकण्याची या धंद्यात जुनी चाल आहे. २०१६ मध्ये जीटीएक्स १०६० हे ६ जीबी आणि ३ जीबी अशा दोन रूपांत आलं. फरक मेमरीचाच वाटायचा, पण ३ जीबीच्या चिपमध्ये कोअर्सही कमी होते: १२८० च्या जागी ११५२. जीटी १०३० चं नंतर आलेलं डीडीआर४ रूप मूळच्या जीडीडीआर५ पेक्षा फारच मंद होतं, नाव मात्र तेच. सप्टेंबर २०२२ मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स ४०८० हेही दोन रूपांत जाहीर केलं. त्यातलं १२ जीबीचं इतकं वेगळं होतं की टीका झाल्यावर ऑक्टोबरात कंपनीने ते मागे घेतलं. पुढे तीच चिप ४०७० टीआय या नावाने बाजारात आली.

म्हणून काउंटरवर डबा हातात आला की पुढची चित्रं बघण्यात वेळ घालवू नका. डबा उलटा करा. मागे किंवा कडेला पांढरी पट्टी असते, तिच्यावर पार्ट नंबर असतो. तो अक्षर न अक्षर वाचून कंपनीच्या साइटवर फोनमधून तिथल्या तिथे तपासा. बऱ्याच पार्ट नंबरांत मेमरीचा आकडा आणि ओव्हरक्लॉक असल्यास त्याची खूण असते. बिलावरही तोच नंबर लिहून घ्या. "अण्णा, मॉडेल नंबर बिल्ल पोडुंग" एवढं तोडकंमोडकं तमिळ पुरतं, दुकानदार हसून लिहून देतो.

परीक्षणं वाचतानाही हीच काळजी घ्या. ५०६० टीआय बाजारात आलं तेव्हा बहुतेक परीक्षकांच्या हाती १६ जीबीचं कार्ड होतं. ते आकडे वाचून कुणी ८ जीबीचं कार्ड घेतलं, तर त्याने वाचलेली वस्तू आणि घेतलेली वस्तू वेगळी ठरते.

४. कार्ड कुठे बसणार आहे, ते आधी उघडून बघा

भाच्यासाठी ९०६० एक्सटी इथेच ठरलं. त्याच्याकडे जुना बी४५० मदरबोर्ड आणि त्यावर रायझन ५ ५६०० होता. बी४५० वरचा कार्डाचा स्लॉट पीसीआय एक्सप्रेस ३.० पिढीचा. ५०६० टीआय आठच लेन वापरतं, ९०६० एक्सटी सोळा लेन वापरतं. नव्या बोर्डावर आठ लेन भरपूर होतात, कारण प्रत्येक लेनचा वेग मोठा असतो. तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर मात्र आठ लेनमधून सेकंदाला जेमतेम ८ जीबी माल जातो, सोळांतून त्याच्या दुप्पट.

१६ जीबीच्या कार्डाला याचा फटका थोडाच बसतो, कारण त्याला रॅमकडे फारसं जावं लागत नाही. ८ जीबीचं आठ लेनवालं कार्ड जुन्या बोर्डावर बसवलं तर दोन्ही अडचणी एकदम अंगावर येतात: मेमरी अपुरी आणि रस्ता अरुंद. चार्टवरचे आकडे सगळ्यात नव्या बोर्डावर, सगळ्यात महागड्या प्रोसेसरवर काढलेले असतात. तुमच्या घरचं मशीन तसं नसेल तर ते पाच टक्के तिथेच विरतात.

कॅबिनेटमधली जागाही फूटपट्टीने मोजा. काही कार्डं २० सेंटिमीटरची असतात, काही ३० च्याही पुढे जातात.

५. चेन्नईचा उन्हाळा हिशेबात धरा

मे महिन्यात इथे 'कत्तिरी'चे, म्हणजे भर उन्हाळ्याचे दिवस असतात. ३१ मे २००३ ला या शहरात पारा ४५ अंशांवर गेला होता. कार्डाचा पंखा खोलीतलीच हवा ओढतो, त्यामुळे खोली आठ अंशांनी तापली की कार्डही साधारण तेवढंच तापतं. त्यावर कार्ड जे वॅट खातं ते सगळे शेवटी उष्णता होऊन खोलीतच येतात. गेमिंग मशीन जोरात चालू असताना तीनशे वॅटचा हीटर खोलीत चालू आहे असं समजा.

५०६० टीआय १८० वॅटचं, १६ जीबीचं ९०६० एक्सटी १६० वॅटचं. तमिळनाडूत ईबीचं, म्हणजे विजेचं बिल दोन महिन्यांनी येतं. रोज तीन तास खेळलं तरी या २० वॅटचा फरक दोन महिन्यांत चार युनिटही होत नाही, म्हणजे बिलासाठी यांच्यात निवड करण्यात अर्थ नाही. २०२३ च्या जोडीत हे अंतर मोठं होतं. आरटीएक्स ४०६० हे ११५ वॅटचं, आरएक्स ७६०० हे १६५ वॅटचं. बंद खोलीत, बिनएसीच्या घरात तिथे मी ४०६० सुचवत असे.

दोन्ही कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट कमी करायची सोय आहे. दहा टक्के वीज कमी केली तर फ्रेम नगण्य कमी होतात आणि पंख्याचा आवाज लगेच उतरतो. एप्रिल ते जून मी सगळ्यांना हे करायला लावतो.

समुद्राची हवाही विसरू नका. बेसंट नगर, तिरुवान्मियूरकडे खिडक्या उघड्या असलेल्या घरांत कार्डाच्या लोखंडी पट्टीवर आणि स्क्रूंवर गंज चढलेला मी पाहिला आहे. कॅबिनेटची जाळी नियमित साफ करा आणि मशीन खिडकीखाली ठेवू नका.

६. यूपीएसची बेरीज करा

वीस वॅटचा फरक बिलात दिसत नाही, पण यूपीएसवर दिसतो. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा भार उचलतो. भाच्याच्या मशीनची बेरीज अशी: प्रोसेसर ७५, बोर्ड, डिस्क आणि पंखे मिळून ४०, त्यात १८० चं कार्ड, एकूण २९५. पॉवर सप्लायची गळती धरली की भिंतीतून ३३५ ओढले जातात. मॉनिटरचे ३० मिळवले की झाले ३६५. भर खेळात लाइट गेली तर यूपीएस भाराने आडवा होणार. १६० चं कार्ड धरलं की तीच बेरीज ३४० च्या आसपास येते आणि गेम सेव्ह करून मशीन नीट बंद करायला वेळ मिळतो.

डिसेंबर २०२३ च्या मिचौंग वादळात वेळचेरी-पळ्ळिकरणै भागाने पाणी आणि अंधार दोन्ही भोगलं. इथे राहणाऱ्याने यूपीएसला शेवटच्या पानावरची चैन समजू नये.

७. आधी मॉनिटर आणि खेळ, मग कार्ड

साठ हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला साठच चित्रं दाखवतो. त्यावर ९० आणि ९५ फ्रेमची तुलना निरर्थक आहे. कुणी दिवसभर फक्त व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक खेळत असेल तर त्याला या दोन्ही कार्डांची गरज नाही, खालच्या पायरीवरचं कार्ड घेऊन उरलेले पैसे १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर खर्च करावेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' हा २०२० चा सुंदर खेळ तर जुन्या साध्या कार्डावरही छान चालतो. तो खेळा, हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो. 'सायबरपंक २०७७' सारखा खेळ सगळं चढवून खेळायचा असेल तेव्हाच रे ट्रेसिंगमधली एनव्हिडियाची आघाडी कामाची.

जाहिरातीतले उंच खांब बघताना एक गोष्ट लक्षात ठेवा. एनव्हिडियाच्या डीएलएसएस ४ च्या मल्टी फ्रेम जनरेशनमध्ये खऱ्या एका फ्रेममागे तीनपर्यंत फ्रेम अंदाजाने बनवल्या जातात. हालचाल गुळगुळीत दिसते, पण माउस हलवल्यावर प्रतिसाद मिळायला लागणारा वेळ त्याने कमी होत नाही. बनवलेल्या फ्रेमची खऱ्या फ्रेमशी तुलना करून कार्ड निवडू नका. सरासरीच्या शेजारी 'वन पर्सेंट लो' हा आकडा असतो, तो वाचा. अडखळणं तिथे पकडलं जातं.

८. खेळ संपल्यावर कार्ड काय करणार?

सोसायटीतल्या मुलीला मी १६ जीबीचं ५०६० टीआय घ्यायला सांगितलं ते यामुळे. तिचं काम ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये. ब्लेंडर एएमडीवरही चालतं, पण रेंडरिंगमध्ये एनव्हिडिया बरंच पुढे आहे आणि त्याच कंपनीच्या क्युडावर बांधलेली साधनं, प्लगइन, ट्यूटोरियल सगळं तिकडेच झुकलेलं आहे. मशीन लर्निंग शिकणाऱ्या मुलांचंही तेच. इथे जास्तीचे आठ हजार तीन फ्रेमसाठी जात नाहीत, रोजच्या कामाचे तास वाचवण्यासाठी जातात. मेमरीचा वेगही त्या कार्डाचा जास्त आहे: सेकंदाला ४४८ जीबी, ९०६० एक्सटीचा ३२०.

भाच्याला यातलं काही करायचं नव्हतं. खेळच खेळायचे असतील तर डीएलएसएसला एएमडीचं उत्तर असलेलं एफएसआर ४ आता चांगलं चित्र देतं. डीएलएसएस चालणारे खेळ संख्येने जास्त आहेत हे खरं, म्हणून आपले आवडते खेळ कुठल्या यादीत आहेत ते बघून घ्या. लिनक्स वापरणाऱ्यांना एएमडीचे मुक्त ड्रायव्हर सोयीचे पडतात.

९. तिसऱ्या पंख्याला आणि दिव्यांना भुलू नका

एकच चिप एसुस, गिगाबाइट अशा अनेक कंपन्या आपापल्या पंख्यांसह विकतात. १६०-१८० वॅटच्या कार्डाला दोन पंखे पुरतात. तीन पंखे, रंगीत दिवे आणि कारखान्यातून वाढवलेला थोडासा क्लॉक यांसाठी चार-पाच हजार मोजले की आपण वरच्या पायरीवरच्या कार्डाच्या किमतीकडे सरकू लागतो. तेवढी ऐपत असेल तर सरळ वरची चिप घ्यावी, नसेल तर साधं दोन पंख्यांचं मॉडेल घ्यावं.

१०. बिल हे कार्डाचाच भाग आहे

४० हजारांच्या कार्डावर 'बिल नको' म्हटलं की सहा-सात हजार वाचतात, हे ऐकायला गोड वाटतं. पण आपल्याकडे कार्डाला बहुधा तीन वर्षांची वॉरंटी असते आणि ती मागायला जीएसटीचं बिल लागतं. डबा, कार्ड आणि बिल या तिन्हींवरचा सीरियल नंबर दुकानातच जुळवून घ्या आणि तिन्हींचे फोटो काढा. या ब्रँडचं सर्व्हिस सेंटर चेन्नईत आहे का, हेही तिथेच विचारा. दोन कार्डांत बाकी सगळं सारखं असेल तर शहरात सर्व्हिस असलेलं कार्ड घ्या.

जुन्या कार्डांबाबतही हेच. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग बंद झालं आणि मायनिंगमध्ये राबलेली कार्डं बाजारात आली. जुनं कार्ड स्वस्त मिळालं तरी उरलेली वॉरंटी आणि मूळ बिल नसेल तर मी ते कुणाला सुचवत नाही.

आता थेट निकाल. मुख्यतः खेळण्यासाठी, आणि विशेषतः जुन्या बोर्डावर, १६ जीबीचं आरएक्स ९०६० एक्सटी घ्या. ब्लेंडर, क्युडा किंवा रे ट्रेसिंगची खरी गरज असेल तर १६ जीबीचं आरटीएक्स ५०६० टीआय घ्या. पुढच्या पिढीत ही नावं बदलतील, पण मेमरी, बोर्ड, यूपीएस, मॉनिटर आणि बिल हे पाच प्रश्न तेच राहतील. पालकांना एक विनंती: मुलाने या पाचांची उत्तरं कागदावर लिहून आणली तर त्याच्या निवडीवर विश्वास ठेवा. आणि या पायरीवर ८ जीबीचं नवं कार्ड कुणी कितीही आग्रहाने पुढे केलं तरी घेऊ नका. वरचे पैसे जमेपर्यंत थांबा.